कोड चालला म्हणजे करार पाळला गेला असं नाही

ब्लॉकचेनवाल्या (म्हणजे अनेक कॉम्प्युटरांवर मिळून ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीवाल्या) मंडळींशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, कोड हाच कायदा, मग कोर्ट कशाला. मला हे अजिबात पटत नाही.

मुंबईतल्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट घ्या. घर सोडताना मालक रंगाचे पैसे कापतो, गळक्या नळाचे कापतो, मग भांडण. म्हणून आता कल्पना निघते की डिपॉझिट स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये ठेवा, अकरा महिने संपले की पैसे आपोआप परत. ऐकायला मस्त आहे, पण "नेहमीच्या वापराने झालेली झीज सोडून" ही अट कोडमध्ये लिहिणार कशी? कोडला तारीख कळते, रक्कम कळते, भिंतीवरची ओल भाडेकरूमुळे आली की वरच्या मजल्याच्या गळतीमुळे, हे त्याला बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं, आणि तो कोण असेल हे शेवटी दोघांनी बसूनच ठरवायचं ना. त्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहेच, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर्ड हवा, नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. नुसता कोड टाकून मालक सुटत नाही.

आपला करार कायदा १८७२ चा, पण त्याचं कलम १३ इथे अगदी चपखल बसतं, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तर ती संमती. आता समोरच्याला सॉलिडिटी, म्हणजे असे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायची प्रोग्रामिंगची भाषा, वाचताच येत नसेल तर त्याने नक्की काय मान्य केलं? आणि ब्लॉकचेनवर चालतो तो बाइटकोड, म्हणजे लिहिलेल्या कोडचं मशीनसाठी केलेलं रूपांतर (कंपाइल), प्रोग्रामरने शेजारी साध्या भाषेत लिहिलेल्या कॉमेंट्स कंपाइल करतानाच गळून पडतात. माझ्या मते अर्थ लावताना कोर्टाने त्या कॉमेंट्स, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, सगळं बघायलाच हवं.

सिंगापूरची क्वॉइन विरुद्ध बी२सी२ ही केस जरूर वाचा. २०१७ मध्ये क्वॉइन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या सिस्टिममधल्या गडबडीमुळे बी२सी२ कंपनीचं इथर हे डिजिटल चलन बाजारभावाच्या सुमारे २५० पट दराने विकलं गेलं, तेही दोन्हीकडून प्रोग्रामनेच. २०२० मध्ये अपील कोर्टाने बहुमताने सांगितलं की समोरच्याला चूक माहीत होती का हे त्याचा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय होतं त्यावरून ठरवायचं, आणि सौदे रद्द करणारं एक्स्चेंज हरलं. त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड मान्स यांचं मत वेगळं पडलं, आणि मला तेच बरोबर वाटतं, कारण असा भाव बघून कुठलाही शहाणा माणूस लगेच म्हणाला असता की काहीतरी चुकलंय. आपल्याकडे तर कलम २२ नुसार एकाच बाजूची चूक असेल तर तेवढ्यावरून करार रद्द करता येत नाही, त्यामुळे इथे अशी केस आली तर चुकलेल्याचं आणखीच कठीण.

म्हणून कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते, कोडसोबत साध्या मराठीत किंवा इंग्रजीत करार लिहा, आणि दोन्हीत फरक पडला तर कुठलं धरायचं ते त्यातच सही करण्याआधी लिहून ठेवा.