पहिली-दुसरीच्या मुलांसाठी कपाट उघडताना

लहान मुलांचा ग्रंथालय तास सुरू करायचा म्हटलं की सगळे मुलांबद्दलच विचारतात. बसतील का, फाडतील का, वाचता तरी येतं का? मुलं चार-पाच तासांतच रुळतात. अडतं ते कपाटाच्या किल्लीपाशी. आमच्या शाळेत ती किल्ली हलवायला जो वेळ गेला त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

वेळापत्रकात आमच्याकडे ‘वाचन’ असा तास होता. प्रत्यक्षात त्या तासाला राहिलेलं गणित किंवा शुद्धलेखन व्हायचं. पुस्तकं होती, चांगली होती, पण कार्यालयातल्या लोखंडी कपाटात. तिसरी-चौथीच्या मुलांना कधीमधी तिथेच बसून चाळायला मिळायची. पहिली-दुसरीला नाही, आणि घरी न्यायला तर कुणालाच नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असतील असं स्पष्ट म्हटलं आहे. पहिलीचा वर्गही त्याच शाळेत भरतो.

ग्रंथालयाचा चार्ज ज्या सरांकडे होता ते मनाने चांगले. मी किल्ली मागितली तेव्हा त्यांनी मला दाखल नोंदवही उघडून दाखवली. प्रत्येक पुस्तकापुढे क्रमांक, तारीख, किंमत आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. म्हणाले, “बाई, बदली झाली की मला हे सगळं मोजून द्यावं लागणार. एक जरी कमी भरलं तर वसुली कुणाकडून?” त्यांच्या आधी ज्यांच्याकडे चार्ज होता त्यांच्याकडून म्हणे अशी वसुली झालीही होती. त्यामुळे त्यांच्यापुरता सुरक्षित मार्ग एकच उरला होता, कपाट उघडायचंच नाही. तुम्हालाही असं कुणी अडवत असेल तर आधी ही भीती ओळखा. वाचनाचं महत्त्व पटवून काही होत नाही, कारण ते त्यांना पटलेलंच असतं. भीती नोंदवहीची आहे, तेव्हा उत्तरही नोंदवहीतच शोधावं लागतं.

मी मुख्याध्यापकांना अर्ज दिला. त्यांनी तो वरच्या कार्यालयाकडे मार्गदर्शनासाठी पाठवला. आमचं काम अडलं ते इथे. पहिल्यांदा अर्ज परत आला, “विषय स्पष्ट नाही” असा शेरा मारून. दुसऱ्यांदा कुठे पडला आहे तेच कुणाला सांगता येईना. ज्या टेबलावर असायला हवा होता त्या टेबलावरचे गृहस्थ रजेवर, शेजारचे म्हणायचे माझ्याकडे तो विषय नाही. शाळा सुटल्यावर मी तिथल्या बाकावर बसून राहायची. आत बोलावल्यावर प्रश्न यायचा, “पण एवढ्या लहान मुलांना पुस्तकं हवीतच कशाला? पाठ्यपुस्तकं आहेत ना?” हा प्रश्न शिक्षणाच्या कार्यालयात बसून विचारला जातो याचा मला तेव्हा जेवढा संताप आला तेवढाच आजही येतो. अक्षर ओळखायला लागलेल्या मुलाच्या हातात त्याच वेळी गोष्ट पडली नाही तर वाचणं म्हणजे फळ्यावरचं काम एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. मी हे तिथे बोलले. पुढे तोंडी सूचना मिळाली, शाळा स्तरावर निर्णय घ्या. लेखी द्या म्हटलं तर नाही. आणि लेखी नाही म्हणून मुख्याध्यापक सही करेनात.

महिने असेच गेले. त्या काळात वर्गात मी माझी स्वतःची पुस्तकं वापरत होते, त्याबद्दल पुढे सांगते.

कोंडी फुटली ती पडताळणीने. मी सरांना म्हटलं, कपाट मुलांसाठी उघडू नका, मोजायला उघडा. आम्ही दोघं शाळा सुटल्यावर बसलो. मी दाखल क्रमांक वाचायची, सर पुस्तक शोधायचे. तीन ढीग झाले. धडधाकट मोठी पुस्तकं, कोश, चरित्रं वगैरे एकीकडे. वाळवी लागलेली, पानं गळालेली दुसरीकडे. आणि तिसरीकडे सोळा-चोवीस पानांच्या, मधोमध पिना मारलेल्या चित्रपुस्तिका. या पुस्तिका छोट्यांसाठीच छापलेल्या असतात, आणि त्यांतल्या कितीतरी एकदाही उघडलेल्या नव्हत्या. पानं एकमेकांना चिकटलेली होती.

मग नवा अर्ज केला, आणि तो कसा केला हेच खरं सांगण्यासारखं आहे. “मुलांना ग्रंथालय वापरू द्यावे” असं त्यात कुठेही लिहिलं नाही. लिहिलं ते असं: पडताळणी पूर्ण झाली आहे, यादी जोडली आहे. तिसऱ्या ढिगातल्या पुस्तिका, दाखल क्रमांकांसह, वर्गवाचनासाठी माझ्या ताब्यात द्याव्यात आणि तेवढ्याच पुस्तकांची जबाबदारी लेखी माझ्याकडे वर्ग करावी. दुसऱ्या ढिगाच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती पुस्तकं नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव स्वतंत्र पाठवावा. म्हणजे सरांच्या चार्जमधून त्या पुस्तिका कागदोपत्री बाहेर पडल्या, आणि त्यांच्या डोक्यावरचं ओझंही उतरलं. दोन विषय एका अर्जात घालू नका. निर्लेखनाला वरची मंजुरी लागते, त्याच्याबरोबर मग आपलंही काम लटकतं.

तरी “हरवलं तर?” हा प्रश्न राहिलाच होता. त्यासाठी मी केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांची प्रत जोडली. २०१७ च्या नियमावलीत नियम २१५ ग्रंथालयांच्या पडताळणीबद्दल आहे. त्यात म्हटलं आहे की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. दुर्मीळ किंवा हजार रुपयांहून जास्त किमतीचं पुस्तक गेलं तर चौकशी करायची. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, आमच्या शाळेला ते थेट लागू नाहीत, आणि तसं मी अर्जातच लिहिलं होतं. पण वापरात पुस्तकं थोडीफार जाणारच हे सरकारनेच छापून ठेवलेलं आहे, हे वाचून मुख्याध्यापकांचा चेहरा बदललेला मी पाहिला. शिवाय हिशेब कशावर धरला आहे पाहा. वाचायला दिलेल्या ग्रंथांवर. जितकी जास्त देवघेव, तितकी सूटही जास्त.

आपल्याकडचे ग्रंथालयतज्ज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच आहे, पुस्तकं वापरासाठी असतात. मध्ययुगात युरोपात पुस्तकं फळीला साखळीने बांधून ठेवत, इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये तसं ग्रंथालय आजही जपलेलं आहे. ती पुस्तकं हाताने लिहिलेली, एकेक तयार व्हायला कितीतरी काळ लागायचा, त्यांना साखळी घातली तर समजू शकते. पिना मारलेल्या पुस्तिकेला कुलूप का, हे मी मुख्याध्यापकांना याच शब्दांत विचारलं. त्यांनी त्या दिवशी सही केली. खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, “वर्गवाचनासाठी व घरी नेण्यासाठी देण्यास हरकत नाही.” घरी नेण्याचं मी मागितलंही नव्हतं. तो कागद हातात घेऊन वर्गात जाताना मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

आता तासाबद्दल. इथे फारसं काही अडलं नाही, म्हणून आठवेल तसं सांगते.

पुस्तकं फळीवर उभी लावू नका. या वयात पाठीवरचं बारीक नाव वाचून कुणी पुस्तक निवडत नाही, मुखपृष्ठ दिसायला हवं. भिंतीला दोन दोऱ्या बांधून त्यांवर पुस्तिका मधोमध उघडून टांगल्या की झालं. दोऱ्या मुलांच्या छातीच्या उंचीवर हव्यात, आपल्या नाही. वर्गीकरणाच्या भानगडीत पहिली-दुसरीला पडू नये. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे द्यायची जी दशांश पद्धत ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये काढली, तिच्यात लोककथा ३९८ मध्ये येतात, प्राणी ५९० च्या घरात. तिसरीच्या मुलांना हे आकडे शोधायला फार आवडतं, पण छोट्यांना रंगीत ठिपके पुरतात. एका पानावर एक ओळ असेल तर एक रंग, तीन-चार ओळी असतील तर दुसरा, भरपूर जोडाक्षरं असतील तर तिसरा.

वाचून दाखवताना पुस्तक आपल्या चेहऱ्याच्या बाजूला, पानं मुलांकडे करून धरायचं. म्हणजे मजकूर तिरका बघून वाचावा लागतो, म्हणून घरी आधी मोठ्याने वाचून जा. पान उलटायच्या आधी थांबा. “आता काय होईल?” एवढंच विचारा आणि उत्तर चूक-बरोबर म्हणू नका, पान उलटलं की कळतंच. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर पुन्हा वाचा. तिसऱ्या खेपेला निम्मा वर्ग आपल्याबरोबर म्हणत असतो, आणि ज्याला अजून अक्षरं जुळवता येत नाहीत तोही बोट फिरवत “वाचतो”. त्याला थांबवू नका. छापलेली ओळ आणि बोललेलं वाक्य यांचा संबंध त्याला तिथेच लागत असतो.

पुस्तक निवडायला पाच बोटांची युक्ती चांगली चालते. एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर ते पुस्तक बाईंकडून ऐकायचं, दुसरं स्वतः वाचायचं. एका पानावर एकच ओळ असलेल्या पुस्तिकांना ही युक्ती लागू पडत नाही, तिथे चित्रं बघून गोष्ट सांगू द्या. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हत्तीने, माकडाने, चिमणीने हे मुलं सहज वाचतात. “कोल्ह्याने”पाशी मात्र एक मुलगा असा थबकला की पूर्ण पुस्तकच मिटून बसला. कोल्हा त्याला नीट वाचता येत होता, पण ‘ने’ लागला की ‘ल्हा’चं ‘ल्ह्या’ होतं आणि जोडाक्षर आणखी अवघड होतं. तेव्हा पहिलीच्या दोरीवर पुस्तक टांगण्याआधी मधली पानंही चाळा, नुसतं मुखपृष्ठ बघून ठरवू नका.

माझी स्वतःची पुस्तकं वापरायचे त्या काळातली एक सवय मी पुढेही ठेवली. तासाची शेवटची दहा मिनिटं कुणीही काही विचारायचं नाही. ना गोष्टीचं तात्पर्य, ना नवीन शब्द वहीत लिहा. मुलं जोडीने बसतात, एक वाचतं, एक चित्रं बघतं, मध्येच अदलाबदल. अधिकारी वर्गात आले आणि “यातून काय साध्य झालं?” म्हणाले तर देवघेव नोंदवही दाखवा. ती मुलांनीच भरलेली असू द्या. नाव, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. पहिलीची मुलं नावाऐवजी आपला हजेरी क्रमांक लिहितात, तेही चालतं.

घरी पुस्तकं द्यायला लागल्यावर एक मुलगी दर वेळी परत देताना एखादं पान उघडून दाखवायची, “बाई, हे आधीपासूनच फाटलेलं होतं हं.” वसुलीची भीती मोठ्यांकडून छोट्यांपर्यंत अशी पोचते. मला ते बघवलं नाही. मी खोक्यावर ‘पुस्तकांचा दवाखाना’ असं लिहून ते दाराशी ठेवलं. फाटलेलं पुस्तक न बोलता त्यात टाकायचं, कुणी फाडलं हे विचारायचं नाही. आता मुलं स्वतःच आणून टाकतात आणि डागडुजीला मदत करतात. चिकटपट्टी मात्र वापरू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा डिंक शेजारच्या पानालाही धरतो. पातळ कागदाची पट्टी आणि खळ हेच उत्तम. पिना गंजलेल्या असतील तर काढून दोऱ्याने शिवा.

अर्जाबद्दल एक राहिलं. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्याच. पहिल्या अर्जाची पोच माझ्याकडे होती म्हणूनच तो आलाच नाही असं कुणाला म्हणता आलं नाही. दुसऱ्या ढिगाच्या निर्लेखनाचा प्रस्ताव अजून त्याच कार्यालयात आहे. वाळवी लागलेली ती पुस्तकं वेगळ्या खोक्यात बांधून, चांगल्या पुस्तकांपासून लांब ठेवली आहेत. स्मरणपत्र दिलं आहे, पुढचं सत्र सुरू होण्याआधी दुसरं देणार आहे.