आमची वाटचाल: पुस्तकात नाही ते छातीवर नाही

अण्णांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी आमची गिऱ्हाइकं तुटायची. मेडल माउंट करायला, म्हणजे छातीवर लावायच्या पट्टीवर बसवून घ्यायला आलेल्या फौजी माणसाकडे ते आधी डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारं नोंदींचं पुस्तक मागायचे. त्यात जेवढी मेडलं लिहिली असतील, तेवढीच पट्टीवर चढायची. "पुस्तकात नाही ते छातीवर नाही," एवढं बोलून मान पुन्हा मशीनवर. लोक चिडून जायचे. मलाही राग यायचा, कारण घरभाडं मेडलांच्या संख्येवर होतं, नियमावर नव्हतं.

आमचं दुकान साताऱ्यात. अण्णा मूळचे मिलिटरी टेलर. आधी वर्दी, कोट, नावाच्या पट्ट्या. मेडलांचं काम जोडधंदा म्हणून मागाहून आलं. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथं या कामाला गिऱ्हाईक कमी पडत नाही. गावाकडे मेडलला बिल्ला म्हणतात. आजोबांचे बिल्ले गव्हाच्या डब्यात, नाहीतर देव्हाऱ्यामागं फडक्यात बांधलेले असतात, आणि नातवाच्या लग्नात नाहीतर माजी सैनिकांच्या मेळाव्याला त्यांची आठवण होते.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. रिबिन साधारण 32 मिलिमीटर रुंद. ती बक्रमच्या ताठ कापडावर ताणून बसवायची, सगळी मेडलं खालच्या कडेनं एका रेषेत आली पाहिजेत. संख्या वाढली की कौलांसारखी एकमेकांवर चढवावी लागतात. आणि क्रम. क्रम चुकला तर सगळं फुकट. एकदा 26 जानेवारीच्या गर्दीत माझ्या हातून दोन मेडलं आगंमागं लागली. कार्यक्रमात एका कर्नलसाहेबांनी नेमकं तेवढंच पाहिलं आणि सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. ती पट्टी ज्यांची होती ते सुभेदारसाहेब दुसऱ्या दिवशी दुकानात आले, काही न बोलता पट्टी टेबलावर ठेवली आणि बसून राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून क्रमाचा तक्ता भिंतीवर आहे आणि पाठ असला तरी मी तो बघतेच.

धंद्याला वळण लागलं ते 2006 च्या हिवाळ्यात. कोरेगाव तालुक्यातले एक निवृत्त नाईक आले, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. त्यांच्या पुस्तकात संग्राम मेडल होतं, पंचविसाव्या स्वातंत्र्यदिनाचं होतं, नऊ वर्षं सेवेचं होतं. त्यांना हवा होता पूर्वी स्टार, एकाहत्तरच्या लढाईत पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळणारं मेडल. दिल्लीहून कुणीतरी आणलेली नक्कल त्यांच्या खिशात होती. अण्णांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. तात्या उभे राहिले. "मग एकाहत्तरला मी तिकडं काय शेंगा खायला गेलो होतो?"

अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "त्यांना बोलाव. आपण पुस्तकच दुरुस्त करून आणू." जणू बाही लांब करायची होती.

पहिला अर्ज मी लिहिला. दोन पानं. चिखल, रात्र, नदी, गोळ्यांचा आवाज, सगळं घातलं. वाचताना माझेच डोळे भरून आले. रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कचेरीकडून, उत्तर एका ओळीचं: सर्व्हिस नंबर अपुरा. नंबरच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते मी शोभेचं समजून गाळलं होतं.

ते उत्तर टेबलावर पडलेलं असताना एक निवृत्त हेडक्लार्क कोट सैल करून घ्यायला आले. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि हसले. "ताई, तिकडं रडगाणं नको. तारीख पाहिजे. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या युनिटच्या ताकदीवर, म्हणजे पटावर, कुठल्या भागात. एवढं एका पानात बसवा." कोट सैल झाला, पण क्लार्कसाहेब गेले नाहीत. आजही अकराच्या सुमारास येतात. पहिली तीन वर्षं चहावर काम केलं, मग मीच हट्टानं पगार सुरू केला.

त्यांनी शिकवलं ते असं. फौजेत जवानाचं जे काही होतं, म्हणजे बदली, रजा, दवाखाना, कोर्स, लग्न, मूल, ते युनिट पार्ट टू ऑर्डर नावाच्या हुकमात छापतं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि त्यावरून जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या सेवेच्या मूळ कागदावर, नोंद चढते. मेडलचंही तसंच, युनिटनं दावा पाठवला तर नोंद. आता एकाहत्तरचं बघा. लढाई 3 ते 16 डिसेंबर. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही तिन्ही स्थापन झाली लढाई उरकल्यावर. मधल्या काळात ज्याची बदली झाली, जो दवाखान्यात पडला, जो दुसऱ्या युनिटला जोडून दिला होता, त्याचा दावा कुणी करायचा? मूळ युनिटला वाटतं ते पाठवतील, जोडलेल्या युनिटला वाटतं आपला माणूस नव्हे. तात्यांचं नेमकं हेच झालं होतं. यात कुणी मुद्दाम वाईट केलेलं नसतं, हे गिऱ्हाइकाला पटवणं मात्र अवघड. प्रत्येकाच्या मनात एक हेडक्लार्क असतो, ज्यानं त्याचं मेडल खाल्लं. आमच्या क्लार्कसाहेबांना ते ऐकून घ्यावं लागतं.

तात्यांच्या ट्रंकेत बायकोला लिहिलेलं अंतर्देशीय सापडलं. परतीचा पत्ता 99 ए.पी.ओ., म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. फौजेचं टपाल पूर्वेकडे असेल तर 99 आणि उत्तर-पश्चिमेकडे असेल तर 56 ए.पी.ओ.च्या पत्त्यावर जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. क्लार्कसाहेबांनी पत्र उजेडाकडं धरलं, शिक्का वाचला आणि म्हणाले, "झालं काम." झालं नव्हतं अर्थात. पत्र हा पुरावा नव्हे, वाट दाखवणारा दगड. पण त्यावरून कुठल्या महिन्याच्या पार्ट टू ऑर्डर मागायच्या ते कळलं. माहिती अधिकाराचा कायदा नुकताच आला होता. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तात्यांच्या स्वतःच्या नावानं अर्ज (दुसऱ्याच्या नोंदी आपण मागितल्या तर नकार ठरलेला), आणि तीस दिवसांत उत्तर. जोडून दिल्याची ऑर्डर निघाली. सोबत त्याच तुकडीतल्या एका साथीदाराच्या पुस्तकाची प्रत लावली, त्यात पूर्वी स्टार होता.

मूळ डिस्चार्ज बुक रजिस्टर पोस्टानं पाठवायची वेळ आली तेव्हा तात्या ते सोडेनात. शेवटी अण्णांनी स्वतःच्या दुकानाच्या शिक्क्याची पोच लिहून दिली. तिला कायद्यात कवडीची किंमत नव्हती. पुस्तक परत आलं. एक नवी ओळ, खाली सही आणि गोल शिक्का. अण्णांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली आणि मग रिबिन कापली.

तात्यांनी मेळाव्यात पट्टी लावली आणि पुढच्या आठवड्यात दुकानासमोर माणसं उभी.

आज आमचं निम्मं काम कागदाचं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेच्या इंजिनिअरांचं, खडकीला, रणगाडेवाल्यांचं नगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला. हे पत्ते मला नातेवाइकांच्या पत्त्यांपेक्षा चांगले पाठ आहेत. सगळ्यात सोपं प्रकरण स्वातंत्र्यदिनाच्या मेडलांचं: 15 ऑगस्ट 1972 ला किंवा 15 ऑगस्ट 1997 ला माणूस नोकरीत होता की नाही, एवढाच प्रश्न. सगळ्यात किचकट हाय ऑल्टिट्यूड मेडल. नऊ हजार फुटांच्या वर 180 दिवस भरले पाहिजेत, आणि मधली रजा, मधला दवाखाना वजा करत बसावं लागतं. क्लार्कसाहेब हा हिशेब वहीच्या पाठीमागं मांडतात आणि मी कॅल्क्युलेटर पुढं केला की रागावतात.

हरलोही. पासष्टच्या लढाईतले एक आजोबा, पेन्शनला पुरेल एवढी सेवा न होताच घरी आलेले. त्यांच्या रक्षा मेडलसाठी मी मोठ्या तोऱ्यात अर्ज केला. उत्तर आलं, पेन्शन नसलेल्यांचे कागद पंचवीस वर्षं ठेवून नष्ट करतात. लाँग रोलवर, म्हणजे भरती झालेल्यांच्या कायमच्या यादीत, नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख एवढंच शिल्लक आहे. आजोबांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी जागा आधीच रिकामी करून ठेवली होती, भिंतीवर, चौकटीसाठी. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असतो, "पेन्शन आहे का?" लोकांना वाटतं ही पैशाचा अंदाज घेतेय. वाटू दे.

पैशाचं सांगायचं तर, अशा बहुतेक मेडलांना एक रुपया मिळत नाही. शौर्यपदकाची गोष्ट वेगळी. हे मी अर्ज लिहिण्याआधी सांगते आणि दहातले दोघं-तिघं तिथंच उठतात. काही एजंट थकबाकी मिळवून देतो म्हणून टक्केवारी ठरवतात. मिळायचं काहीच नसतं, पण आगाऊ घेतलेले त्यांचे. आम्ही टायपिंग, झेरॉक्स आणि टपालखर्च घेतो. कमाई होते ती नंतरच्या माउंटिंगवर आणि मखमल लावलेल्या सागवानी चौकटीवर. दोन हजार वीसला मेळावे बंद पडले तेव्हा माउंटिंग शून्यावर आलं, पण घरी बसलेल्या मुलांनी बापाच्या ट्रंका उघडल्या आणि फोन वाढले. त्या वर्षी आम्हाला कागदांनी जगवलं.

नोंद झाली तरी खरं मेडल हातात पडायला वेळ लागतो, म्हणून पट्टीवर बऱ्याचदा नक्कलच असते. ओळखायची खूण म्हणजे कड. खऱ्या मेडलच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. खरं आलं की मी नक्कल काढून ते बसवून देते, त्याचे पैसे घेत नाही. वीरपत्नी किंवा मुलं स्मारकावर मानवंदनेला जाणार असतील तर पट्टी उजव्या बाजूला लावायची असते. ते आठवणीनं सांगावं लागतं, नाहीतर साडीवर डावीकडं लावून जातात.

अण्णा 2014 मध्ये गेले. त्यांची एक सवय मी चालू ठेवली आहे. अर्ज पोस्टात पडला की त्याच दिवशी त्या मेडलची रिबिन कापायची, गुंडाळून पाकिटात घालायची, वर सर्व्हिस नंबर लिहायचा, शेवटच्या अक्षरासकट. पाकिटं बिस्किटांच्या जुन्या डब्यात असतात. सध्या अकरा आहेत. पासष्टवाल्या आजोबांचं बारावं मी मोजत नाही, पण तेही त्याच डब्यात आहे.