काटे वाढवले, गव्हाण तीच

आमचं ऑफिस बेळगावात, उद्यमबागेत, एका फाउंड्रीच्या शेडला लागून. आम्ही तिघांनी तिथं पहिलं टेबल मांडलं तेव्हा पतसंस्थांची व्याज-आकारणी रात्रीतून आपोआप चालवून देत होतो. साधन एकच, ठरल्या वेळी काम सुरू करून देणारा लिनक्सवरचा क्रॉन. क्रॉनला घड्याळ कळतं, पण आधीचं काम संपलं की फसलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एका रात्री दिवसाचा हिशेब बंद व्हायच्या आतच व्याज लागलं आणि सकाळी संस्थेच्या मॅनेजरसमोर आम्ही मान खाली घालून उभे राहिलो. त्यानंतर स्वतःचा शेड्युलर, म्हणजे कामांची वेळ आणि क्रम सांभाळणारा प्रोग्राम, लिहायला घेतला. कुठलं काम कुणाच्या मागं, फसलं तर किती वेळा पुन्हा, हे सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसच्या तक्त्यात.

पतसंस्थांपुरतं ते उत्तम चाललं. मग चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याचं काम आलं, आणि हंगाम सुरू झाला.

ऊस तोलायच्या काट्यावरची प्रत्येक पावती म्हणजे पुढं पाच-सहा कामं: ऊसबिल, तोडणी-वाहतुकीचं बिल, सोसायटीची कपात, बँकेची फाइल, शेतकऱ्याला मेसेज, कुणाला मराठीत तर कुणाला कन्नडमध्ये. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिलाचं काम लांबलं की फोन थेट वरून यायचा. रात्री बाराच्या ठोक्याला सगळी कामं एकदम उठायची आणि पहाटे पाचलाही रांग संपलेली नसायची.

आम्ही वर्कर, म्हणजे रांगेतलं एकेक काम उचलून करणारे प्रोग्राम, वाढवले. 20 चे 80, मग 300. रांग आणखी लांबली.

त्या आठवड्यात मी कारखान्यातच मुक्कामाला होतो. रात्री दोनला, उसाच्या गाड्या थांबतात त्या केन यार्डात गेलो. टोकन देणारे मामा फोनवर टोळीच्या मुकादमाला तोड थांबवायला सांगत होते. यार्डात जागा दिसत होती, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "काटे चार करा नाहीतर दहा करा, गव्हाण घेणार तेवढाच ऊस घेणार की. इथं आणून वाळवण्यापेक्षा फडात उभा राहिलेला बरा."

गव्हाण म्हणजे ऊस गाळपाला ओढून नेणारा पट्टा. आमची गव्हाण म्हणजे डेटाबेस. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस देतो. मुळात मर्यादा 100 ची, ती आम्हीच वाढवून ठेवली होती. प्रोसेसर मात्र होते तेवढेच. त्यात 300 वर्कर रांगेतली तीच पहिली ओळ धरायला धडपडत होते, एकाकडे कुलूप आणि बाकीचे ताटकळत.

हिशेब साधा आहे. सेकंदाला 30 कामं येत असतील आणि एकाला 2 सेकंद लागत असतील, तर एका वेळी 60 कामं हातात असतात. काम 1 सेकंदावर आणलं तर 30 वर भागतं. म्हणून आम्ही आधी वेळ कुठं जातो ते शोधलं. कपातीच्या क्वेरीला इंडेक्सच, म्हणजे ओळ पटकन सापडायची सोयच, नव्हता! तो घातला, वर्कर 48 वर आणले, मध्ये मोजकीच कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवला. वर्कर दुसऱ्यानं धरलेली ओळ सोडून पुढची उचलू लागले. ‘स्किप लॉक्ड’ ही सोय पोस्टग्रेसमध्ये 9.5 पासून, म्हणजे 2016 पासून आहे आणि आम्ही ती वापरलीच नव्हती. मेसेजची रांग बिलांपासून वेगळी काढली. बाराला ज्यांची निकड नाही अशी कामं पुढच्या चाळीस मिनिटांत विखुरली. रांग रात्री दीडला संपू लागली.

महिन्याभरात वेग पुन्हा उतरला. कामाची स्थिती बदलली की पोस्टग्रेस जुनी ओळ लगेच पुसत नाही, ती मेलेली म्हणून पडून राहते. साफसफाई आपोआप होते, पण मूळ सेटिंगनुसार तक्त्याच्या साधारण 20 टक्के ओळी मेल्यावर. चालू आणि संपलेली कामं आम्ही एकाच तक्त्यात ठेवली होती. तिथं 1 कोटी ओळी असतील तर 20 लाख मेलेल्या साचेपर्यंत कुणी झाडूच उचलत नाही. चालू रांगेचा छोटा तक्ता वेगळा केला, त्याचं साफसफाईचं प्रमाण 1 टक्क्यावर आणलं, आणि जुना इतिहास दिवसवार पार्टिशनमध्ये, म्हणजे तक्त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांत, टाकला. आता मुदत संपली की ते पार्टिशनच काढून टाकतो, एकेक ओळ पुसत बसत नाही.

मला सर्वांत लागलेली चूक मात्र वेगाची नव्हती. वीज गेली, मशीन परत उठलं, अर्धवट राहिलेली कामं पुन्हा चालली आणि काही शेतकऱ्यांना बिल जमा झाल्याचा मेसेज दोनदा गेला. पैसे एकदाच जमा झाले होते. पण दुसऱ्या हप्त्याच्या आशेनं माणसं बँकेत जाऊन रांगेत उभी राहिली. त्यानंतर आमच्याकडे एक नियम झाला: दोनदा चाललं तरी परिणाम एकदाच होईल, असं लिहिलेलं नसेल तर ते काम शेड्युलरवर चढत नाही. मेसेजला पावती क्रमांकाची खूण असते. ती खूण आधी गेलेली असेल तर मेसेज जात नाही. वीज आल्यावर चुकलेल्या फेऱ्यांपैकी शेवटचीच चालवायची की सगळ्या, हेही आता प्रत्येक कामागणिक विचारून घेतो. बिलाला सगळ्या, साठ्याच्या अहवालाला शेवटचीच.

सध्या दुसऱ्या मशीनवर शेड्युलरची जोडी उभी करतोय. पहिलं खरंच बंद पडलंय की नुसतं नेटवर्क तुटलंय, हे दुसऱ्यानं कसं ओळखायचं, यावर काम चालू आहे. गव्हाणीत पहिली मोळी पडायच्या आत ते करायचंय.