मध्येच सोडून जाणाऱ्यांबद्दल

गुरुवार, रात्र

मी ज्या मेंटॉरिंगच्या कामात आहे, म्हणजे एका मुलासाठी एक मोठं माणूस, दर आठवड्याला भेटून सोबत करायची, तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडमचा आज फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं की कुणीतरी गळालंय. आमच्या बॅचमधला एक दादा, मनाने चांगला, ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा, त्याने जॉब बदललाय आणि आता त्याला वेळ नाही. दोन-अडीच महिने तो एका चौदा वर्षांच्या पोराला दर आठवड्याला भेटत होता. मागच्या दोन वेळा आलाच नाही आणि काल मॅडमना मेसेज टाकला की सॉरी, पुढे जमणार नाही. पोराला काहीच सांगितलेलं नाही. तू घेशील का त्याला, तात्पुरतं, असं मॅडम विचारत होत्या. एरवी मुलाला दादा आणि मुलीला ताई अशीच जोडी लावतात शक्यतो, पण दादा लोकांचा कायमच तुटवडा. मी म्हटलं विचार करून सांगते, आणि तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहीत बसलेय.

राग त्या दादाचा नाही खरं तर, म्हणजे थोडा आहे. जास्त राग आहे तो ज्या पद्धतीने लोकांना या कामात बोलावलं जातं त्याचा. पोस्टरवर काय असतं, ‘एका मुलाचं आयुष्य बदला’. आठवड्यातून फक्त एक तास! मग माणूस येतो तोच मुळी आयुष्य बदलायला, आणि समोर बसलेलं पोरगं ‘हं’, ‘माहीत नाही’, ‘ठीक’ यापलीकडे बोलत नाही, मोबाईल उलटा ठेवतं, सुलटा करतं, परत उलटा ठेवतं. तीन-चार आठवडे असेच गेले की माणसाला वाटतं आपला काही उपयोग होत नाहीये, आणि उपयोग होत नाहीये असं एकदा वाटलं की ऑफिसचं काम आपोआप वाढतं. कुणी पोस्टरवर खरं लिहीत नाही की बाबांनो, पहिले काही महिने तुम्ही नुसते वेळेवर यायचंय, बाकी काही होणार नाही, आणि ते नुसतं येणं हेच काम आहे.

माझ्याकडे जी मुलगी आहे ती सोळाची. घरची परिस्थिती लिहीत नाही इथे, ती तिची गोष्ट आहे. वर्षापेक्षा जास्त झालं आम्ही भेटतोय. सुरुवातीचा एक प्रसंग मात्र लिहिते कारण तो माझ्या डोक्यातून जातच नाही. ती एका कोर्सचा फॉर्म घेऊन आली होती. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पत्ता लिहिला, आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मी काही बोलले नाही. तिने फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला छोटे छोटे चौकोन काढायला लागली, एकाला चिकटून एक, अगदी नीटनेटके. बऱ्याच वेळाने विचारलं, ताई, इथे डॅश मारला तर फॉर्म बाद होतो का? मला माहीत नव्हतं. म्हटलं चल विचारू, फॉर्मवरच नंबर होता, फोन स्पीकरवर टाकला आणि बोलायला तिलाच लावलं. पलीकडचा माणूस जांभई देत म्हणाला, आई किंवा गार्डियन कुणाचंही लिहा, चालतं. बास. तिने आईचं नाव इतकं दाबून लिहिलं की खालच्या कागदावर उमटलं. त्या दिवशी मी तिला एकही सल्ला दिला नव्हता, आणि मला वाटतं आमचं खरं सुरू झालं ते त्याच दिवशी.

सल्ल्याचा सोस मलाही होता आधी. अभ्यासाचं टाइमटेबल, गोल सेटिंग, असलं सगळं. ट्रेनिंगमध्ये मॅडमनी एका जुन्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, मॉरो आणि स्टाइल्स नावाच्या दोघींचा, 1995 मध्ये छापलेला. त्यांना दोन प्रकारचे मेंटॉर दिसले. एक, जे पहिल्या दिवसापासून पोराला सुधारायला निघाले, मार्क वाढव, वागणूक बदल वगैरे. दुसरे, जे आधी ओळख होऊ देत होते, काय करायचं ते पोरालाही ठरवू देत होते आणि ध्येयबियं नंतर. पहिल्या प्रकारच्या बऱ्याच जोड्या काही महिन्यांतच मोडल्या, दुसऱ्या बहुतेक टिकल्या. ऐकायला साधं वाटतं पण करताना जीभ आवरणं फार अवघड असतं, विशेषतः समोरचं पोरगं डोळ्यांदेखत चुकीचा निर्णय घेत असतं तेव्हा.

आणि ही पोरं परीक्षा घेतात हां. मुद्दाम उशिरा येतात, येतो म्हणून येत नाहीत, बघतात तुम्ही काय करता. माझ्यावाली एकदा म्हणाली, एक सांगायचंय पण तू कुणाला सांगणार नाहीस ना? आता इथे मनापासून वाटतं की नाही गं, अजिबात नाही सांगणार. पण ते वचन द्यायचंच नसतं, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी म्हटलं, तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल तर मला मॅडमना सांगावं लागेल, पण तुझ्या मागे नाही, आधी तुला सांगून. बाकीचं आपल्यात. ती म्हणाली मग राहू दे. पूर्ण तासभर गप्प. मी घरी येऊन काळजीने अर्धी झाले, मॅडमना फोन करून कळवलं की असं असं झालंय, लक्ष ठेवा. पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं काय ते, तर गणितात नापास झाली होती! एवढंच. पण मला आता वाटतं की ते गणित निव्वळ चाचणीसाठी होतं, आधी हलकी वस्तू देऊन बघायची, हिच्या हातात टिकते का. जड ती नंतर बाहेर आली, बऱ्याच महिन्यांनी.

म्हणूनच अडीच महिन्यांत निघून जाणं मला खुपतं. त्या पोराने एव्हाना कदाचित हलकी वस्तू देऊन झाली असेल.

यावर संशोधन आहे आणि ते गोड नाहीये. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींचा 2002 चा पेपर आहे, त्यात जोड्या किती काळ टिकल्या त्यानुसार मुलांचं काय झालं ते पाहिलंय. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्यांमध्ये सगळ्यात जास्त सुधारणा. आणि ज्यांची जोडी पहिल्या तीन महिन्यांतच तुटली त्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षा खाली गेला होता. म्हणजे मेंटॉर अजिबात नसण्यापेक्षाही वाईट. आणि ते कळतं ना, ज्या पोराच्या आयुष्यातून आधीच दोन-चार मोठी माणसं न सांगता गेलीत त्याच्या हिशोबात अजून एक गेलं, आणि चौदाव्या वर्षी माणूस असा विचार करत नाही की दादाने जॉब बदललाय, तो विचार करतो की माझ्यातच काहीतरी आहे.

याहून जुना आणि याहून कडू किस्सा म्हणजे अमेरिकेतल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांमधला. 1939 मध्ये सुरू झालेला प्रयोग, 506 मुलगे, निम्म्यांना कौन्सेलर, घरी भेटी, शिकवणी, डॉक्टर, समर कॅम्प, निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधक बाईंनी त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना शोधून काढलं आणि 1978 मध्ये छापलं. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेक म्हणाले की आम्हाला फायदा झाला. पण नोंदी तपासल्या तर काही बाबतींत तेच जास्त वाईट अवस्थेत निघाले, दारू, मानसिक आजार, परत परत गुन्हे. का, यावर अजून वाद आहेत, नंतरच्या विश्लेषणात कॅम्पमध्ये एकत्र राहून पोरं एकमेकांची वळणं उचलतात असंही निघालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस सोडूनच द्यायचा विचार करत होते. चांगला हेतू असून नुकसान होऊ शकतं ही गोष्ट पचायला जड आहे. पण मग वाटलं की हे माहीत असणारी माणसंच या कामात हवीत, उलट ज्यांना माहीत नाही तीच बिनधास्त येतात आणि बिनधास्त जातात.

दुसऱ्या बाजूला कवाईचा अभ्यास आहे, तो मला तारून नेतो. हवाईतल्या या बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 बाळांना एमी वर्नर आणि रूथ स्मिथ चाळिशीपर्यंत बघत राहिल्या. गरिबी, घरातली भांडणं, आईबापाचं आजारपण किंवा व्यसन असं एकावर एक साठलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश तरीही धडपणे मोठी झाली, आणि त्यांच्यात जे वारंवार दिसलं त्यातलं एक म्हणजे एखादं तरी मोठं माणूस टिकून होतं. आईबापच असं नाही, आजी असेल, शिक्षक असेल, शेजारी असेल. अर्थात ती माणसं त्यांच्या आयुष्यातली होती, आमच्यासारखी फॉर्म भरून आलेली नव्हती, हा फरक मी विसरत नाही. फॉर्म भरून आलेल्यांचा परिणाम असतो, पण मापात असतो, सगळे अभ्यास एकत्र करून पाहणारे पण हेच म्हणतात. चमत्कार नाही.

तर आता त्या पोराचं. साडेदहा वाजलेत आणि माझं उत्तर ठरलंय. नाही घेणार. तात्पुरतं तर नाहीच नाही. मी तात्पुरती जाऊन दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या हवाली करायची म्हणजे त्याच्या यादीत तिसरं नाव. आणि माझ्यावालीची यंदा परीक्षा आहे, तिचा तास कापून मला दुसरीकडे जायचं नाहीये. मॅडमना सांगितलं तर त्या थोड्या हिरमुसल्या पण मग म्हणाल्या की बरोबर आहे तुझं, वेटिंगमध्ये ठेवते त्याला, नीट वर्षभर देणारा मिळेपर्यंत. वेटिंग हा शब्द ऐकून पोटात कालवलं, पण घाईत लावलेल्या जोडीपेक्षा बरं.

मग एक गोष्ट केली, त्या दादाला स्वतःच मेसेज टाकला. लेक्चर न देता. लिहिलं की जॉब बदलला ते छान झालं, सोडतोयस ते पण ठीक, पण एकदा ये आणि त्याला तोंडाने सांग. अर्धा तास पुरे. लगेच रिप्लाय आला, आता जाऊन काय सांगू, जास्त वाईट नाही का वाटणार त्याला? मी लिहिलं, काय सांगायचं ते सोपं आहे, तू का जातोयस त्याचं खरं कारण सांग, यात तुझा काही दोष नाही हे शब्द जसेच्या तसे म्हण, त्याच्यासोबत तुला काय आवडलं ते एखादं नेमकं सांग, उगाच ‘तू खूप चांगला मुलगा आहेस’ नको. आणि ‘आपण भेटत राहू’ हे म्हणू नकोस, भेटणार नाहीयेस तू. गिफ्ट आणू नकोस. मॅडमना आधी सांग म्हणजे त्या पण थांबतील, तू गेल्यावर त्याच्यापाशी कुणीतरी हवं.

बराच वेळ टायपिंग, टायपिंग. मग विचारलं, रडला तर? म्हटलं रडला तर बस तिथेच, पण मला वाटतं तो रडणार नाही, तो ‘ठीक’ म्हणेल आणि मोबाईल बघेल, आणि तुला वाटेल त्याला काहीच वाटलं नाही. तसं समजून लवकर उठू नकोस, अर्धा तास पूर्ण कर.

शनिवारी साडेचारला येतो म्हणालाय. मॅडमना कळवलं, त्या पोराला उद्या शाळा सुटल्यावर सांगतील की शनिवारी दादा येणारे आणि कशासाठी येणारे, तेही आधीच, म्हणजे नेहमीची भेट समजून तो उड्या मारत यायला नको.