आधी सोळा पानं

मुख्य प्रवाहाबाहेरचं स्वतंत्र कॉमिक्स करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात थेट दोनशे पानांचा ग्रंथ असतो. तो चाळिसाव्या पानाच्या आसपास रखडतो. तोवर हात सुधारलेला असतो, पहिल्या पानावरचा नायक आणि आताचा नायक चुलत भाऊ वाटायला लागतात, आणि जुनी पानं पुन्हा काढायचा मोह सुटत नाही. नोकरी सांभाळून आठवड्याला दोन पानं हा चांगला वेग आहे. त्या हिशेबानं दोनशे पानांना जवळजवळ दोन वर्षं लागतात, सोळा पानांना दोन महिने.

या वाटेवरचे कितीतरी जण पुस्तिकेपासूनच सुरू झाले. कॅनडाची कॉमिक्सकार ज्यूली दुसे हिनं १९८८मध्ये झेरॉक्स काढलेल्या पुस्तिका विकायला सुरुवात केली, प्रकाशक १९९१मध्ये मिळाला. अमेरिकन कॉमिक्सलेखक हार्वी पीकरला तर चित्रं काढता येत नव्हती. क्लीव्हलँडच्या रुग्णालयात फायली लावण्याची नोकरी करत त्यानं इतरांकडून चित्रं काढून घेतली आणि १९७६पासून आपलं कॉमिक्स स्वतःच छापलं. नाव झाल्यावरही त्यानं नोकरी सोडली नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

आता पुस्तिका. ए४ कागद मधोमध दुमडला की ए५ची चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीतच हवी. चार कागद आत, एक जाड कागद मुखपृष्ठाला. मूळ चित्र ए४वर काढा. छापताना ते ७१ टक्के होतं. ०.३ मिमीची रेघ ०.२ मिमी होते, तोवर ठीक. बारीक आडव्या-उभ्या रेघांची छाया मात्र या आकारात मिटून काळा डाग होतो, तेव्हा रेघांमध्ये वाटतं त्याहून जास्त जागा सोडा. विषम पान नेहमी उजवीकडे येतं. धक्का द्यायचा असेल तर तो सम पानावर ठेवा, कारण पान उलटेपर्यंत तो दिसत नाही. उजव्या पानावरचा धक्का डावं पान वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून फुटतो.

सगळ्यात जास्त पानं बिघडतात ती अक्षरांमुळे. आधी चित्र, मग संवादाचा फुगा, मग उरलेल्या जागेत कोंबलेला मजकूर, हा क्रम उलटा करा. पेन्सिलीनं मजकूर लिहा, त्याभोवती फुगा काढा, मग माणसं बसवा. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. त्यामुळे दोन शिरोरेषांमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या किमान दुप्पट हवं. रोमन लिपीसाठी बनवलेले तयार फुगे इथे चालत नाहीत. मूळ कागदावर अक्षर ४ मिमी उंच ठेवलं तर छपाईत साधारण २.८ मिमी उरतं, ते वाचता येतं. टाइप करणार असाल तर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. छापायला देण्याआधी मजकुराच्या आऊटलाइन करून, म्हणजे अक्षरं चित्राच्या आकारात बदलून घ्या.

काळ्या रेघेचं चित्र ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि शुद्ध काळं-पांढरं करा. करड्या छटा राहिल्या की छपाईयंत्र त्यांचे ठिपके करतं आणि रेघेची कड केसाळ दिसते.

पानं जुळवताना सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि १५. जोडीची बेरीज प्रत्येक वेळी १७ येते, न आल्यास चुकलंय. दोन्ही बाजूंना छापताना कागद आखूड कडेवर उलटा, नाहीतर मागची पानं डोक्यावर उभी राहतात. आधी कोऱ्या कागदांची पुस्तिका दुमडून तिच्यावर आकडे टाका. हा पाच मिनिटांचा कंटाळा शंभर प्रती रद्दीत जाण्यापासून वाचवतो. दुमडल्यावर आतली पानं बाहेर डोकावतात आणि ती कापावी लागतात, म्हणून बाहेरच्या कडेला ८ ते १० मिमी मोकळी ठेवा. भरीव काळं जास्त असेल तर ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदातून मागचं दिसतं, १०० घ्या. मुखपृष्ठावर आधी घडीची रेघ दाबून घ्या, नाहीतर शाई तडकते.

पहिल्या खेपेला ५० प्रती पुरेत. दुकानदार साधारण ४० ते ५० टक्के ठेवतो, म्हणून किंमत छपाईखर्चाच्या निदान चौपट लावा: निम्मी दुकानाची, पाव छपाईची, उरलेली पाव तुमची. ओळखीपाळखीत फुकट वाटलेल्या प्रतीही याच हिशेबात धरा.

अशा चार-पाच पुस्तिका झाल्या की प्रकाशकाशी बोलायला काहीतरी असतं. करारात तीन गोष्टी आधी पाहा. भाषांतराचे आणि चित्रपटाचे हक्क छपाईच्या हक्कांपासून वेगळे आहेत का, पुस्तक बाजारात उपलब्ध नसल्यास हक्क किती महिन्यांत परत येतात, आणि मूळ पानं कुणाची. तिसऱ्याबद्दल कागदावर काही लिहिलेलंच नसेल, तर सही करण्याआधी लिहून घ्या.