‘स्वॉलो’चं पाचवं कार्ड सुटलं

मंडळी, इंग्रजी क्रियापदांच्या एकेका अर्थाला मराठी शब्द शोधून मी एकेक कार्ड करते, आणि त्यातलं ‘स्वॉलो’चं, म्हणजे ‘गिळणे’चं, पाचवं कार्ड अखेर सुटलं. पावसाळ्याआधीपासून ते अडकलेल्यांच्या खोक्यात पडून होतं. तुम्ही सुचवलेले पर्याय लिहून लिहून त्याची पाठही भरली होती. ‘बाइट’ आणि ‘च्यू’ची कार्डं बंद केल्यापासून मी ह्याच क्रियापदाच्या मागे लागले आहे, त्यामुळे आज सविस्तर लिहिते.

पहिली चार कार्डं झाली आहेत. पहिल्यावर सरळ अर्थ: घास गिळणे, गोळी गिळणे. दुसऱ्यावर आतून वर येणारं परत आत ढकलणं. इंग्रज राग गिळतो, हुंदका गिळतो. आपणही राग गिळतो, आवंढा गिळतो, ओठांवर आलेले शब्द गिळतो. फक्त ‘प्राइड’पाशी वाट फुटते, कारण अभिमान आपण गिळत नाही. आपण नमतं घेतो. बोललेले शब्द इंग्रजीत गिळले जातात, मराठीत मागे घेतले जातात. ‘शब्द गिळू नकोस’ हे आपण धड उच्चार न करणाऱ्या पोराला सांगतो. ह्या दोन्ही नोंदी कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात घातल्या आहेत.

तिसऱ्या कार्डावर मी खूश आहे. इंग्रजीत अपमान ‘स्वॉलो’ केला की विषय संपला. पुढे त्या माणसाचं काय झालं, ते क्रियापद सांगत नाही. मराठीत दोन पायऱ्या आहेत. अपमान गिळला म्हणजे तो अजून आत टोचतो आहे, पचवला म्हणजे माणूस त्यातून पार झाला. पराभव, दुःख ह्यांचंही तसंच. इंग्रजीत ‘डायजेस्ट’ आहे, पण तो बातमी किंवा माहिती पचवायला जास्त वापरतात, अपमानाला फारसा नाही. म्हणून तिसऱ्याचे ३ अ आणि ३ ब केले.

चौथं म्हणजे मोठ्यानं छोट्याला गिळणं. कंपनी, जमीन, राज्य ह्यांना ‘गिळंकृत’ चपखल बसतो. पुराचं मात्र वेगळं. ‘पुरानं गाव गिळलं’ हे मथळ्यात शोभतं. पण 2019 च्या पुराबद्दल कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली-आंबेवाडीकडची माणसं माझ्याशी बोलली, तेव्हा कानावर आलं ते ‘पाणी शिरलं’ आणि ‘गाव पाण्यात गेलं’. ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांचंच क्रियापद मी वर ठेवलं, मथळ्याचं खाली.

आणि ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: ‘स्वॉलो’ नावाचा पक्षी, आपली भिंगरी, हिचा गिळण्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत गिळणं म्हणजे ‘स्वेल्गन’ आणि पक्षी म्हणजे ‘स्वेअल्वे’. पुढे दोन्ही घासून एकसारखे झाले. जर्मनमध्ये ते आजही वेगळे दिसतात: पक्षी ‘श्वाल्बे’, आणि क्रियापदाचा भाऊबंद ‘श्वेल्गन’, म्हणजे चैनीत रमणं. भिंगरीला स्वतंत्र मथळाशब्द दिला आहे.

आता पाचवं. कुणी काहीतरी सांगतो आणि दुसरा ते मुकाट्यानं खरं मानतो, त्याला इंग्रजीत गोष्ट ‘स्वॉलो’ करणं म्हणतात. इथे ‘गिळणे’ सपशेल आडवं पडतं. ‘त्यानं ती थाप गिळली’ हे मराठी नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानात चिलट गाळून उंट गिळणारे आहेत. तिथे मराठीतही उंट खुशाल गिळता येतो, कारण उंट डोळ्यांसमोर उभा राहतो. थाप तशी उभी राहत नाही.

मग ‘थाप पचली’? ह्यात पचते ती थाप आणि सुटतो तो थापाड्या. ऐकणारा वाक्यातून गायब. ‘गळी उतरवलं’? इथेही कर्ता सांगणाराच. ‘गळाला लागला’ ह्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा जोर होता. इंग्रजीतही मासा गळ, दोरी आणि शिशाचं वजन सगळं गिळतो, त्यामुळे जोडी छान दिसते. पण आपल्याकडचा मासा नुसता लागतो. गिळण्याचा उतावळेपणा त्यात येत नाही. ‘भुलला’, ‘फसला’ हे तर निकाल झाले. मला ते घशाखाली जाण्याचं क्षणभराचं काम हवं होतं, आणि ते ऐकणाऱ्यानं स्वतः केलेलं हवं होतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती आणि मोल्सवर्थ-कँडींचा 1847 चा इंग्रजी-मराठी कोश समोर उघडे ठेवून बसले, तरी घोडं पुढे जाईना.

सुटलं ते रंकाळ्यावर. कठड्याशी दोन वयस्कर गृहस्थ तिसऱ्याबद्दल बोलत होते. त्यानं पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याकडे रक्कम दिली होती. एक म्हणाले, “त्येनं गळी उतरवलं, ते सोड. पर ह्येनं उतरवून घेतलंच कसं?”

उतरवून घेणं! सगळी गोम त्या ‘घेणे’मध्ये आहे. करून घेणं, समजून घेणं, लुबाडून घेणं, तसंच गळी उतरवून घेणं. कर्ता पुन्हा ऐकणारा झाला, घसाही जागेवर राहिला, आणि त्याची स्वतःची थोडी संमतीही आली. घरी येऊन कार्ड शाईनं लिहिलं. पेन्सिल लागली नाही, ह्याचं समाधान वेगळंच.

कार्डांचा विषय निघालाच आहे तर: ह्या पावसाळ्यात एका दुकानातून आणलेली पांढरी कार्डं दमटपणानं फुगली आणि जेलपेनची शाई पसरली. आता मी जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून वापरते. कागद जाड, आणि साधं बॉलपेन त्यावर उत्तम चालतं. तक्त्याच्या सॉफ्टवेअरकडे वळायचा आग्रह मला माहीत आहे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थ शोधायला फार सोयीचा आहे, मीही रोज वापरते. पण अर्थांचा क्रम लावताना टेबलावर कार्डं सरकवण्याला तोड नाही. ऑक्सफर्ड कोशाच्या मरे यांनी 1879 मध्ये वाचकांना आवाहन केलं, तेव्हा अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्याच मागवल्या होत्या.

आणि हे सरकवतानाच एक दिसलं. मी कार्डं इंग्रजी अर्थांच्या क्रमानं लावत होते, पण मराठी वाटा दिशेप्रमाणे फुटतात. आतून वर येणारं आपण गिळतो, बाहेरून आलेलं पचवतो, दुसऱ्यानं भरवलेलं उतरवून घेतो. तेव्हा क्रमांक मोडायचे आणि तोंड, घसा, पोट असे तीन गठ्ठे करायचे. ‘मूग गिळणे’ तोंडाच्या गठ्ठ्यात, ‘घशाखाली उतरत नाही’ घशाच्या, ‘पचनी पडत नाही’ पोटाच्या.

हे लिहिता लिहिताच ‘ग्रासणे’ आठवलं, आणि तो एकाही गठ्ठ्यात बसत नाही. ग्रास म्हणजे घास, ग्रासणं म्हणजे गिळणं. ग्रहण खग्रास होतं, खंडग्रास होतं, आणि माणूस चिंतेनं, आजारानं ग्रासतो. इथे माणूसच घास झालेला असतो. इंग्रजीतून सुरुवात केली असती तर हा शब्द कधीच हाती लागला नसता, कारण चिंतेसाठी इंग्रजी सहसा दुसरं क्रियापद घेते. म्हणून ‘गल्प’ पुढे ढकलते आणि आधी मराठीकडून उलटकार्डं करते: ग्रासणे, रिचवणे, गट्टम करणे, ढोसणे, ओरपणे.

ओरपण्यासाठी मदत हवी आहे. आमच्याकडे पांढरा रस्सा वाटीनं ओरपतात, भुरकतातही, पण गंगावेशीत समोर काढलेलं धारोष्ण दूध कुणी ओरपलं असं म्हणत नाही, ते घटाघटा पितात. तुमच्या गावात ही रेघ कुठे पडते, ते वाक्यासकट कळवा. नुसता शब्द नको, कोण कुणाला म्हणालं तेही हवं.