ॲव्हरेज किती धरायचं?

दुपारी जेवून आडवा झालो होतो, पोटावर फोन. वाईला सायकली घेऊन जाऊया म्हणून सकाळीच मी हौसेने एक ग्रुप केला होता. त्यात जेवणाच्या वेळेपर्यंत अकरा जण झाले होते, म्हणजे माझ्या अंदाजापेक्षा आठ जास्त. डोळा लागणार एवढ्यात पोट थरथरलं. निरोप होता : "ॲव्हरेज किती धरायचं?"

झोप उडाली ती उडालीच.

मी लिहिलं, "धरायचंच नाही." त्यावर दोन हसरे चेहरे आले, एक अंगठा आला, आणि विचारणाऱ्याने पुन्हा विचारलं, "नाही, पण अंदाजे? ताशी पंधरा? अठरा?"

माणूस वाईट नाही. आमच्याच सोसायटीतला. कार्बनची सायकल आहे, ती तो दोन बोटांवर उचलून दाखवतो. ब्रेव्हे करतो, म्हणजे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत. पहाटे अंधारात निघायचं, वाटेत ठरलेल्या ठिकाणी शिक्के घ्यायचे. मला त्याच्याबद्दल आदरच आहे. पण मी आखलेली सहल म्हणजे वाई ते मेणवली तीन किलोमीटर, तिथून धोम पाच-सहा, आणि परत. जाऊन-येऊन विसाच्या आतबाहेर. त्याला मी आख्खा रविवार ठेवला होता.

सायकलवर मला घाई सोसत नाही, आणि हे वय झाल्यामुळे नाही. मूळ रोग तासाच्या सायकलचा आहे. वाईत आमच्या लहानपणी पोरांना कोणी सायकल घेऊन देत नसे, ती तासावर आणायची. पन्नास पैसे तास. दुकानदार वहीत नाव लिही, वेळ लिही, आणि मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे असं बघे की आपल्याही मानेला झटका बसावा. ते घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे अशी आमची खात्री होती. पहिला अर्धा तास स्वर्ग. नळीतून पाय घालून अर्धं पायडल मारत गंगापुरीपर्यंत जायचं. दुसऱ्या अर्ध्या तासात मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक मनगटाला विचारत सुटायचं, "काका, किती वाजले?" दोन मिनिटं उशीर झाला की पुढचा अर्धा तास लागू. त्यामुळे आयुष्यातली पहिली काही वर्षं मी सायकल चालवली ती सगळी परत नेऊन द्यायला.

याला उतारा होता गणपतीत. मंडळाच्या स्पर्धांत संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि त्यांच्या पाठोपाठ स्लो सायकल. रस्त्यावर फक्कीने पट्टे आखायचे, भुरभुर पावसाने ते धुऊन गेले की पुन्हा आखायचे. शेवटी पोचणारा पहिला. पाय टेकला की बाद, पट्टा ओलांडला की बाद. जगात बाकी सगळीकडे उशिरा पोचल्यावर बोलणी बसत, इथे स्टीलचा पेला मिळे. तो मला सातवीत मिळाला. माझ्या बाजूच्या पट्ट्यात मधल्या आळीतला एक आडदांड मुलगा होता, एरवी शर्यतीत कोणाला पुढे जाऊ देणार नाही असा. शिट्टी वाजली आणि त्याच्या पायांनी सवयीने जोर मारला. तीन पायडलांत तो पलीकडे पोचला आणि मागे वळून जिंकल्यासारखा हसला. आपण हरलो हे त्याला कळायला जरा वेळ लागला. मी तेव्हा अर्ध्या अंतरावरही नव्हतो. हँडल डावीकडे, उजवीकडे, ब्रेक बोटभर दाबलेला, मागे कोणीतरी "अरे हलतोय का नाही हा!" म्हणून ओरडतंय. माझ्या कर्तबगारीची कमान तिथेच संपते. पेला अजून आहे, त्यात आता टूथब्रश असतात.

तसं वाई हे घाईचं गाव नव्हेच. मराठी विश्वकोश इथे बसून झाला. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा यायला पुढची जवळजवळ चाळीस वर्षं लागली. कोणाचा पाय टेकला नाही, हे महत्त्वाचं.

असो. सहल आखणं म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात कळलं. अकरा जणांत सात सायकली धडक्या निघाल्या. दोघांना वाटत होतं की सायकली तिथे मिळतील. शेजारच्या काकूंची लेडीबर्ड होती. ती मुलगी लग्न होऊन गेल्यापासून गॅलरीत उभी, तिच्या कॅरियरवर मोगऱ्याची कुंडी. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांकडे वडिलांची ॲटलास होती. चोवीस इंची, काळी, चेनकव्हरवर पिवळी रेघ. ती ते कोणालाही हात लावू देत नाहीत, आणि ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला तो नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, हे दर भेटीत सांगतात. सांगून झालं की सीटवर एकदा थाप मारतात.

खायचं काय, यावर दीडशे निरोप पडले. पंक्चरचं सामान कोण आणणार, यावर एकही नाही.

सायकली न्यायला छोटा हत्ती ठरवला. पुढची चाकं काढली, मध्ये मध्ये जुन्या सतरंज्यांचे तुकडे घातले, सुतळीने आवळलं. हे सगळं पहाटे पाच वाजता, सोसायटीच्या दिव्याखाली. ड्रायव्हर पंचविशीतला, तोंडावर मफलर. सगळं होईपर्यंत गप्प बघत होता. शेवटची गाठ मारल्यावर म्हणाला, "साहेब, म्हणजे सायकली गाडीत घालून सायकल चालवायला निघालात?"

याला उत्तर नाही. मी त्याला चहा पाजला.

खंबाटकीच्या घाटात छोटा हत्ती पहिल्या गिअरमध्ये कण्हत होता आणि मागच्या मोटारीत कार्बनवाले खिडकीला नाक लावून चढ मोजत होते. "हा सायकलवर काय आला असता!" सुरूर फाट्याला वळलो, वडांच्या सावलीत शिरलो, तेव्हा मात्र तेही गप्प झाले. साडेसातला वाईत पोचायचं ठरलं होतं, सव्वानऊ झाले. चाकं बसवून, हवा भरून, मिसळ खाऊन निघायला साडेदहा. वेळापत्रकाचा कागद मी घडी करून खिशात ठेवला.

नियम मी एकच सांगितला होता. पुढच्याने प्रत्येक वळणावर थांबायचं आणि मागचा दिसला की मगच निघायचं. मी स्वतः शेपटाला. आयोजकाची खरी जागा तीच. पुढे असलेल्याला फक्त रस्ता दिसतो, मागे असलेल्याला सगळी पाठमोरी माणसं दिसतात. कोण हँडल घट्ट आवळून बसलंय, कोणाची सीट खाली आहे, नवरा-बायकोत आज कोण रुसलंय, हे मागून फार स्पष्ट दिसतं.

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेवरचा घाट, देवळं. हा घाट तुम्ही न येताही पडद्यावर पाहिलेला असतो. घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे, चर्चमधली. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा तिकडून आलेली, असं सांगतात. आमच्यातला सातवीतला मुलगा तिच्याखाली उभा राहून वर बघत होता. म्हणाला, "एवढी जड घंटा वसईहून इथे आणली कशी?"

"हळूहळू," काकू म्हणाल्या आणि चप्पल काढून पाण्यात पाय सोडून बसल्या.

तिथे आम्ही पाऊण तास होतो. कार्बनवाल्यांच्या मनगटावर मात्र ती वेळ लागलीच नाही. सायकल थांबली की त्यांचं घड्याळही आपोआप थांबतं. संध्याकाळी त्यांनी दाखवलं तेव्हा त्यात घंटा नव्हती, काकूंचे पाय नव्हते, चुरमुऱ्याचा पुडा नव्हता. फक्त रस्ता होता. त्यांचा दोष नाही, यंत्र तसं आहे.

मेणवलीच्या पुढे रस्ता निवांत. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला हळद, पानं पिवळी पडायला लागलेली. मागून गाण्याचा आवाज आला आणि दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर शेजारून गेला. गेला म्हणजे जात राहिला. तो आमच्याच वेगाचा, त्यामुळे पाच मिनिटं आम्ही बरोबरीने चाललो. ड्रायव्हरने गाण्याचा आवाज आणखी वाढवला, आमच्यासाठीच असावा. सातवीतल्या मुलाने मागच्या ट्रॉलीतलं एक लोंबणारं कांडं ओढलं, ते निघेना, तो त्याला धरून ओढला जायला लागला. मी "सोड!" म्हणून ओरडलो आणि त्याच वेळी मनात "अजून जरा!" असंही म्हणालो. निघालं एकदाचं.

आणि मग काकूंची चेन उतरली.

बाकीचे पुढे निघून गेले होते. वळणच नव्हतं, त्यामुळे माझा नियमही लागू नव्हता. लेडीबर्डचं चेनकव्हर पूर्ण बंद असतं, मागे बोटभर फट. पाना कोणाकडे नव्हता. मी एका काटकीने आतली चेन फटीतून उचलायचा प्रयत्न केला, काटकी मोडली. दुसरी घेतली. चेन मागच्या दात्यांवर बसे, पायडल फिरवलं की पुढून सुटे. हात काळे, कपाळ काळं. शेतातून एक बाई आल्या, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "उलटं फिरवा की." मी उलटं फिरवलं. पुन्हा सुटली. "असं नव्हं. मागचं चाक उचला, ताईंना धरू द्या, आन् मग उलटं." मग त्यांनीच काटकी घेतली. चेन टकटक करत दात्यांवर चढत गेली, शेवटच्या दात्याला जरा अडली, आणि बसली. त्यांनी हाताला माती चोळली, पदराला पुसलं. काकूंनी विचारलं, "तुमच्याकडं सायकल आहे का हो?" तर "पोराची हाय, साळंत जाती," म्हणाल्या, आणि आमचे दोन चिक्कीचे तुकडे घेऊन गेल्या.

तेवढ्यात समोरून कार्बनवाले येताना दिसले. धोमला पोचून दोन चहा झाल्यावर त्यांना आमची काळजी वाटली होती. सीटखालच्या पिशवीतून त्यांनी रबरी हातमोजे काढले, गुंडाळीतला पाना काढला, चेन नीट बसली आहे असं बघितलं आणि सगळं परत आत ठेवलं. मला त्यांच्याबद्दल एकदम प्रेमच वाटलं. परत फिरल्यामुळे त्यांचे किलोमीटरही वाढले, ते वेगळं.

धोमला जेवलो. कमळाच्या आकाराच्या कुंडात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी आहे, तो पाहिला. कासवाच्या निवडीवर मी काहीच बोललो नाही, इतका संयम मला असतो. दोघं तिथेच झाडाखाली झोपले. त्यांना उठवायला अर्धा तास.

वाईत परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ढोल्या गणपतीच्या जवळच्या मोकळ्या जागेत छोटा हत्ती उभा होता. त्या देवळाच्या मागच्या भिंतीला माशासारखा आकार आहे, पुराचं पाणी फुटून दोन्हीकडून जावं म्हणून. ते सांगायला मी तोंड उघडणार होतो, पण ऐकायला कोणी नव्हतं. सगळे पाठ धरून बसले होते. चाकं काढायची होती, सुतळी सोडवायची होती, अंधार पडायच्या आत खंबाटकी ओलांडायची होती. आणि मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हणालो, "स्लो सायकल लावूया?"

फक्की नव्हती. मुलाने उसाच्या कांड्याने मातीत दोन रेघा ओढल्या. पहिल्या खेपेला कार्बनवाले तिसऱ्या सेकंदाला आडवे झाले. त्यांचे बूट पायडलला अडकवलेले असतात, पाय टेकायला निघालाच नाही. तेही हसले, म्हणजे आधी कोपर बघितलं आणि मग हसले. मी दुसऱ्या खेपेत बाद. काकूंनी रेघेपर्यंत अर्धं अंतर असं काही काढलं की मला माझ्या पेल्याची काळजी वाटायला लागली.

ड्रायव्हर गाडीला टेकून बघत होता. दिवसभर तो केबिनमध्ये झोपला होता. पुढे आला. "मी बघू का एकदा?" माझी सायकल मी पुढे केली. त्याने ती बघितली, नको म्हणाला, आणि ॲटलासकडे बोट दाखवलं. आम्ही सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी सीटवर थाप मारली आणि सायकल त्याच्या हातात दिली.

त्याने मफलर काढून खिशात कोंबला. एक पायडल मारलं, दोन मारली, हँडल जरासं डावीकडे वळवलं, आणि थांबला. सायकल थांबली आणि तो वर तसाच. पुढचं चाक इकडे बोटभर, तिकडे बोटभर. कोणी बोलेना. नदीवरून गार वारा यायला लागला होता, घाटावर कोणीतरी कपडे आपटत होतं. त्याचं लक्ष फक्त पुढच्या चाकाकडे. मुलाने हळूच मला विचारलं, "किती वेळ झाला?" कोणीच लावली नव्हती वेळ. कार्बनवाल्यांनी मनगटाकडे बघितलं, पण त्यांचं घड्याळ थांबलेलं होतं. शिट्टी कोणी वाजवायची, हेही ठरलं नव्हतं.

अंधार पडायला लागला. तो अजून पहिल्या रेघेजवळच होता.